पद्मिनी चढाला बंद पडते आणि पंधरा मिनिटांनी परत चालू होते: पेट्रोल नेमकं कुठं अडतंय ते कसं शोधायचं

भावा, तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. वडिलांची १९८३ ची प्रीमियर पद्मिनी, गावात म्हणजे कोल्हापुरात रंकाळा, बिंदू चौक, स्टेशन कुठंही फिरवली तर एक नंबर चालतीय, पण पन्हाळ्याला काढली की वाघबीळच्या पुढं चढ लागला की झटके मारतीय, खोकतीय आणि बंद पडतीय, मग पंधरा-वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होतीय. एसी पंप (इंजिनावरचा पेट्रोल ओढणारा पंप) नवीन टाकला, कार्बुरेटरला किट टाकलं, फिल्टर बदलला, कॉईलपण बदलली, तरी फरक शून्य, आणि आता मेस्त्री म्हणतोय इंजिन उघडूया.

इंजिन उघडू नको. जे इंजिन गावात गुळगुळीत चालतंय आणि पंधरा मिनिटं विश्रांती घेऊन परत चढ चढतंय त्याच्या पिस्टन-रिंगात हा दोष नसतोय. आणि आता एकही पार्ट बदलू नकोस. तुझ्या गाडीत आजपर्यंत जे झालं ते सगळं गाडी चालू असताना, गॅरेजमध्ये, थंड इंजिनावर झालंय, आणि हा आजार थंड गाडीत दिसतच नाही. अशा अधूनमधून येणाऱ्या दोषाचा पुरावा फक्त बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत असतोय, नंतर तो आपोआप पुसला जातोय. आपण काय करतो, गाडी बंद पडली की बॉनेट उघडून ठेवतो, झाडाखाली उभं राहतो, घरी फोन करतो आणि तेवढ्यात पुरावा गेला. त्यामुळं पुढच्या वेळी मुद्दाम त्याच रोडला जा, सोबत एक माणूस घे, प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर, एक जुना चांगला प्लग, पाण्याची बाटली, दोन फडकी, बॅटरी (टॉर्च) आणि आग विझवायचा छोटा पावडरचा सिलिंडर घे. सिलिंडर नसेल तर पुढचं वाचू नको, आधी तो आण. गरम इंजिनजवळ पेट्रोलची लाईन उघडायची तयारी करतोय आपण, ह्यात चालढकल नको. आणि गाडी वळणावर नको, रस्ता सोडून कडेला घे.

गाडी झटके मारायला लागली की बंद पडायच्या आधीच एक गोष्ट करायची, चोक (कार्बुरेटरची हवा कमी करणारी दांडी) थोडा ओढायचा. ही चाचणी फुकट आहे आणि लई कामाची आहे. चोक ओढल्यावर गाडी थोडी सावरली, शंभर-दोनशे मीटर का होईना ओढली, तर मिश्रण पातळ होतंय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय हे जवळजवळ पक्कं. चोकनं काहीच फरक पडला नाही, उलट जास्त गुदमरली, तर इग्निशनकडं किंवा पेट्रोल जास्त होण्याकडं बघायचं. दुसरी खूण म्हणजे बंद कशी पडते ती. करंट जातोय तेव्हा गाडी स्विच बंद केल्यासारखी एकदम मरते. पेट्रोल तुटतंय तेव्हा ती मरत मरत मरते, आधी ओढ कमी होते, मग झटके, मग कार्बुरेटरमधून खोकते. तू लिहिलेलं वर्णन दुसऱ्या प्रकारचं आहे, तरीपण करंट तपासूनच पुढं जायचं, कारण गरम झालेला कंडेन्सर (डिस्ट्रीब्युटरला, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्याला, लावलेला बारका पार्ट) हुबेहूब असंच नाटक करतो, तापला की मेला आणि थंड झाला की जिवंत. कॉईल बदलली म्हणतोस पण कंडेन्सर आणि डिस्ट्रीब्युटरच्या आतली ती लवचिक बारीक वायर कुणी बघितली का? ती वायर वरच्या कव्हरात शाबूत दिसते आणि आत तार तुटलेली असते, आतली प्लेट हलली की संपर्क जातो.

म्हणून बंद पडल्यावर टाकीचं झाकण ऐकून झालं (ते खाली सांगतो) की पहिलं काम, सोबतचा जुना प्लग एका वायरला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवायचा, कार्बुरेटरपासून लांब, आणि सोबतच्या माणसाला सेल्फ मारायला सांगायचं. निळा कडक स्पार्क आला तर करंट ठीक. पिवळा, मरतुकडा, मधेच गायब होणारा आला तर पेट्रोलचा विषय तिथंच सोड आणि पॉइंट-कंडेन्सर नवीन टाक. स्पार्कची चाचणी पेट्रोलची कुठलीही लाईन उघडायच्या आधी करायची, नंतर नाही.

स्पार्क चांगला असेल तर पुढचं काम तीस सेकंदाचं. एअर क्लीनरचं झाकण काढून कार्बुरेटरच्या तोंडात बॅटरी मारून बघायचं आणि इंजिन बंद असताना ॲक्सिलरेटरची दांडी हातानं एकदा पूर्ण ओढायची. ॲक्सिलरेटर पंपवाला कार्बुरेटर असेल तर आत बारीक धार पडताना दिसते. धार आली म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये (कार्बुरेटरमधली पेट्रोल साठायची वाटी) पेट्रोल आहे. कोरडं असेल तर पेट्रोल चेंबरपर्यंत आलंच नाही. आणि आत सगळं ओलंचिंब, पेट्रोलचा भपकारा, सेल्फ मारल्यावर काळा धूर, असं असेल तर हा पेट्रोल कमी पडायचा नाही तर जास्त होण्याचा आजार, म्हणजे निडल (चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) गळतेय किंवा ती उचलणाऱ्या पोकळ पितळी फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरलंय (फ्लोट कानाजवळ हलवून बघ, आत खळखळ आवाज आला की समज).

चेंबर कोरडं निघालं तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं फ्लोट चेंबरच्या बाजूला दोन हलके टोले द्यायचे आणि परत सेल्फ मारायचा. टोल्यानं चालू झाली तर निडल वरती चिकटते, जुन्या पेट्रोलचा डिंक बसलेला असतोय. किट टाकलं म्हणजे निडल बदलली असेलच असं धरू नको, बऱ्याच वेळा किटमधली पॅकिंग तेवढी टाकतात आणि निडल जुनीच राहते.

आता गावात चालते आणि चढाला मरते ह्याचा हिशोब बघ, त्यावरून बरंच कळतंय. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. पूर्ण ओझ्यानं चढ चढताना ढोबळमानानं तासाला १०-१२ लिटर पेट्रोल खाणार म्हणजे मिनिटाला २०० मिली. फ्लोट चेंबरमध्ये साठा असतोय चहाच्या अर्ध्या कपाएवढा, म्हणजे मागून पुरवठा तुटला तर चढाला पंधरा-वीस सेकंदात खेळ खलास. गावात सिग्नलला थांबत, तिसऱ्या गिअरमध्ये रमतगमत मिनिटाला २०० मिली कुठं लागतंय, त्याच्या पाव हिश्श्यातही भागतं. म्हणजे लाईन तीन हिस्से तुंबलेली असली तरी गावात तुला कळणार नाही. गावात बरी चालते ह्याचा अर्थ सप्लाय चांगला आहे असा काढू नकोस.

त्यामुळं थांबून परत चालू झाल्यावर गाडी किती लांब जाते हे मोजायचं, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा. चालू होऊन अर्ध्या किलोमीटरात परत मेली तर अडथळा कायमचा आहे, फक्त थांबल्यावर चेंबर हळूहळू भरतंय. आणि चालू होऊन परत आठ-दहा किलोमीटर झकास गेली आणि मग मेली तर काहीतरी साठत साठत जातंय आणि थांबल्यावर सुटतंय. ते साठणारं तीन प्रकारचं असतं, टाकीतला व्हॅक्युम, तोंडाशी येऊन बसणारा कचरा, नाहीतर उष्णता.

व्हॅक्युम आधी सांगतो कारण तो तपासायला सगळ्यात सोपा आहे आणि त्यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. टाकीतनं पेट्रोल निघालं तर त्या जागी हवा आत यायला पाहिजे, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतंय किंवा टाकीला वेगळी नळी असते. ते बंद झालं की पंप ओढून ओढून टाकीत व्हॅक्युम तयार करतो आणि शेवटी त्याची ताकद संपते. भोक बंद व्हायची कारणं अगदी साधी असतात, चिखल, गंज, गाडी रंगवताना त्यात गेलेला रंग, आणि सगळ्यात कॉमन म्हणजे जुनं झाकण हरवलं म्हणून बाजारातनं आणलेलं लॉकवालं झाकण ज्याला भोकच नाही. गाडी बंद पडल्याबरोबर मागं जाऊन कान जवळ नेऊन झाकण हळूच सैल कर. सूं करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर तुझा आजार सापडला आणि औषध एका झाकणाचं. पण हे लगेच करायचं, पंधरा मिनिटांनी नाही, तोपर्यंत हवा कुठून ना कुठून आत शिरलेली असते. झाकण सैल ठेवून गाडी चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस, चढाला पेट्रोल बाहेर सांडतं.

इथं आणखी एक प्रश्न, बंद पडते तेव्हा टाकीत पेट्रोल किती असतं? तू लिहिलं नाहीस आणि हे महत्त्वाचं आहे. झाकणाचा दोष टाकी फुल असताना जास्त लवकर दिसतो, कारण वरती हवेची जागा कमी असते आणि थोडं पेट्रोल निघालं की व्हॅक्युम पटकन वाढतो. टाकी कमी असताना दोष जास्त दिसत असेल तर उलटं आहे, मग टाकीतल्या ओढायच्या नळीला वरच्या बाजूला गंजून भोक किंवा चीर पडलेली असू शकते, पेट्रोल त्या भोकाच्या वर आहे तोपर्यंत काही कळत नाही आणि खाली गेलं की पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. चढाला टाकीतलं पेट्रोल मागं सरकतं, त्यामुळं सपाटीला जे निभावतं ते चढावर उघडं पडतं.

कचऱ्याचं असं की चाळीस वर्षं जुन्या टाकीत गंजाचे पापुद्रे, सीलंटचे तुकडे, कधी कधी डब्याच्या झाकणाचा प्लॅस्टिकचा पापुद्रा असलं काहीही निघतं. इंजिन जोरात ओढायला लागलं की तो तुकडा तरंगत येऊन नळीच्या तोंडाला चिकटतो, इंजिन बंद झालं की ओढ संपते आणि तो सुटून खाली बसतो, आणि मेस्त्री बघतो तेव्हा लाईन एकदम मोकळी. ह्याची तपासणी म्हणजे एसी पंपाकडं येणारा पाइप सोडून टाकीच्या दिशेनं हवा मारायची, हवा पंपानं हातानं मारली तरी चालते, झाकण उघडं ठेवून. टाकीत बुडबुड ऐकू आली आणि गाडी लगेच चालू झाली तर टाकी उतरवायची. कॉम्प्रेसरची हवा थेट मारू नकोस आणि पाइप तोंडात धरून पेट्रोल ओढायचा प्रकार तर अजिबात नको, फुफ्फुसात गेलेलं पेट्रोल जीवावर बेततं.

उष्णतेचा विषय एप्रिल-मे मधला. पंप गरम ब्लॉकला बोल्ट केलेला, चढाला दुसऱ्या गिअरमध्ये गाडीचा वेग कमी, हवा कमी, ताप जास्त. पंपाच्या आधीच्या लाईनमध्ये पेट्रोल ढकललं जात नसतं, ओढलं जात असतं, म्हणजे तिथं दाब कमी आणि कमी दाबाला पेट्रोल लवकर उकळतं. वाफ झाली की पंप नुसता वाफेवर हलत राहतो. हे तपासायला बंद पडल्यावर थंड पाण्यात पिळलेलं फडकं फक्त पंपावर आणि त्याला येणाऱ्या पाइपवर टाकायचं, दोन मिनिटात चालू झाली तर व्हेपर लॉक. फडकं कॉईल-डिस्ट्रीब्युटरवर जाऊ देऊ नको, नाहीतर नेमकं काय थंड झाल्यामुळं चालू झाली ते कळणार नाही. उपाय पण साधे असतात, पंप आणि ब्लॉकच्या मधलं जाड इन्सुलेटर पॅकिंग आहे का बघायचं. नवीन पंप बसवताना ते नेमकं काढून टाकलेलं किंवा साधं कागदी पॅकिंग लावलेलं मी बऱ्याच गाड्यांत बघितलंय, आणि ते नसलं की उष्णता तर पंपात जातेच, शिवाय पंपाचा स्ट्रोकपण बदलतो. पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब नेलाय का, रेडिएटरजवळचा पत्रा जागेवर आहे का, तेही बघ.

आता तुझ्या गाडीत मला सगळ्यात जास्त संशय कशाचा आहे ते सांगतो. पंप बदलला, फिल्टर बदलला, किट बदललं, पण टाकी आणि पंपाच्या मधले रबरी तुकडे बदलल्याचं तू कुठंच लिहिलं नाहीस. मागं टाकीजवळ एक आणि पुढं पंपाजवळ एक असे दोन बारके पाइप असतात आणि ते खाली चिखलात कुणाला दिसत नाहीत. गगनबावड्याच्या बाजूची एक अँबेसिडर अशीच सगळे पार्ट बदलून आमच्याकडं कोल्हापुरातल्या उद्यमनगरात आली होती, तिचा पंपाजवळचा पाइप बाहेरनं चकचकीत नवा वाटत होता. काढून ब्लेडनं उभा चिरला तर आतलं अस्तर एका बाजूनं सुटून जिभेसारखं लोंबत होतं. हळू ओढलं की जीभ भिंतीला चिकटून राहायची आणि पेट्रोल जायचं, जोरात ओढलं की ती उठून भोक बंद करायची. पंपाकडून टाकीच्या दिशेनं फुंकर मारली तर ती उलट मिटायची, त्यामुळं आधीच्या प्रत्येक मेस्त्रीला लाईन मोकळीच वाटली. चार बोटांचा तुकडा, किंमत किरकोळ.

रबराचा दुसरा प्रकार म्हणजे बारीक चिरा. ओढायच्या बाजूला चीर असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून खाली थेंब नाही म्हणजे पाइप चांगला हा हिशोब ह्या बाजूला चालत नाही. तपासायचं कसं, तर कार्बुरेटरकडचा पाइप सोडून तो जाड बाटलीत धरायचा, कॉईलची वायर काढून इन्सुलेट करायची म्हणजे स्पार्कचा प्रश्न नको, आणि सेल्फ मारायचा. पेट्रोल ठोक्याठोक्यानं भरीव पडलं पाहिजे. धारेत सतत बुडबुडे, फेस, फुस्स आवाज असेल तर पंपाच्या आधी कुठंतरी हवा घेतंय. ही चाचणी इंजिन थंड असताना, मोकळ्यावर, बंद गॅरेजमध्ये नाही. पारदर्शक फिल्टर लावून बघायची कल्पना चांगली आहे, पंपाच्या आधी एक तात्पुरता लाव, पण तो अर्धाच भरलेला दिसला म्हणून घाबरू नको, ते बऱ्याच गाड्यांत नॉर्मल असतंय, बघायचं असतंय ते सतत वाहणाऱ्या बुडबुड्यांकडं.

आणि ई२० चा विषय टाळून चालणार नाही. २०२३ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता सगळीकडं तेच आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासून, मळीपासून इथेनॉल बनतं, शेतकऱ्याच्या घरात त्याचे पैसे येतात, त्याला नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. पण १९८३ चं रबर आणि पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) त्यासाठी बनलेला नव्हता. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ होतं, आतनं सोलतं. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला डिंक आणि गंज सुटायला लागतो म्हणून सुरुवातीच्या काही टाक्यांना फिल्टर सारखा भरतो. आणि इथेनॉल पाणी ओढतं, पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीनं महिनोन्महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉलचा थर खाली बसतो, आणि ओढायच्या नळीचं तोंड तिथंच असतं. शिवाय इथेनॉलवालं पेट्रोल तेवढ्याच हवेला जास्त लागतं, त्याच जेटवर (कार्बुरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) गाडी थोडी पातळ चालते आणि चढाला ती थोडी कमजोरी पुरवठा तुटल्यासारखी वाटू शकते, त्यामुळं बाकी सगळं ठीक निघालं तर मेन जेट एक नंबर मोठा करून बघायला हरकत नाही, पण ते सगळ्यात शेवटी. पाइप घेताना इथेनॉलला चालणारा, आर९ लिहिलेला इंधनाचा पाइप माग, नुसता रबरी पाइप द्या म्हणू नको, आणि वर्म क्लिपपेक्षा बारक्या पाइपला बसणारी गोल क्लिप बरी, वर्म क्लिप आवळली की रबर कापते.

नवीन टाकलेल्या पंपाचं एक तपास. डिपस्टिक काढून वास घे आणि लेव्हल बघ. ऑइलची लेव्हल वाढलेली, ऑइल पातळ आणि पेट्रोलचा वास, असं असेल तर डायफ्राम फाटून पेट्रोल इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत जातंय, मग गाडी तिथल्या तिथं थांबव, बेअरिंग जातील. नवीन पंप असला तरी हे बघायचं, बाजारातल्या नकली पंपाचे व्हॉल्व्ह आणि डायफ्राम वर्षभरही टिकत नाहीत.

टाकी उतरवायची वेळ आली तर ती साफ करून घे, पण टाकीला गॅस वेल्डिंग लावायला सरळ देऊ नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते कारण आत वाफ असते. उद्यमनगरात रेडिएटरचं काम करणारे जुने कारागीर आहेत, ते टाकी गरम पाण्यानं आणि केमिकलनं धुऊन मगच हात लावतात, त्यांच्याकडंच दे.

तर आता तू काय करायचंस, आधी घरीच दोन्ही रबरी पाइप आणि क्लिपा बदल, जुने फेकू नको, उभे चिरून आत बघ आणि फोटो टाक. झाकणाला भोक आहे का ते तारेनं बघ. पंपाखालचं पॅकिंग बघ. मग पाव टाकी पेट्रोल ठेवून वाघबीळचा तोच चढ, दुपारचं ऊन, तेच गिअर. नाही थांबली तर दुसऱ्या दिवशी टाकी फुल करून परत तोच चढ, कारण झाकणाचा दोष फुल टाकीला लवकर पकडता येतो. थांबलीच तर वर सांगितलेल्या चाचण्या ह्या क्रमानं, चोक, झाकण, स्पार्क, कार्बुरेटरचं तोंड, टोला, ओलं फडकं. झाकण स्पार्कच्या आधी कानानं ऐकून घ्यायचं, पण ते परत घट्ट लावूनच स्पार्क बघायचा. प्रत्येक पायरीला काय दिसलं आणि चालू झाल्यावर किती किलोमीटर गेली ते लिहून इथं टाक, पुढचं त्यावरून सांगतो.